गुणांचा रकाना पुसून टाका

ताई, सादर नमस्कार.

तुमचं सदर नियमित वाचतो, पत्र पहिल्यांदाच लिहितोय. वय ५४, नोकरी सहकारी बँकेत. लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, आता वीस वर्षं कोथरूडला आहोत. आमचा १९८७ च्या दहावीचा शाळेचा ग्रुप आहे. डिसेंबरमध्ये पानशेतजवळ एका मित्राच्या फार्महाउसवर सगळे जमतोय. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की प्रत्येकानं आपली कायमची आवडती दहा गाणी आधी पाठवायची. 'ही दहा गाणी म्हणजे मी', असं. नाव न सांगता ती वाजवणार आणि यादी कुणाची ते बाकीच्यांनी ओळखायचं.

सोपं वाटलं होतं. तीन आठवडे झाले, मी अजून ४३ गाण्यांवर अडकलोय. सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली: गाणं, गायक, संगीतकार, साल, दहापैकी गुण, शेरा. सोबत जोडली आहे. बायकोनं ती वाचली आणि एवढंच म्हणाली, "यातलं एक तरी गाणं तुम्ही घरात कधी लावलंय का?" मुलगी म्हणाली, बाबा, ॲपमध्ये बघा ना, वर्षभरात काय जास्त ऐकलंत ते तिथे येतं. बघितलं. पहिला नंबर पावसाच्या आवाजाचा आहे. बायकोला त्याशिवाय झोप लागत नाही.

२२ वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जातोय, म्हणून शास्त्रीय हवंच असं वाटतं. गीतरामायण हवं, अभंग हवेत. (मी फारसा देवभक्त नाही, तर अभंग माझे कसे?) पण मग ती यादी माझी वाटत नाही, कुठल्याही पुणेकराची वाटते.

आणखी एक. 'शुक्रतारा मंद वारा' मी मुद्दाम घेतलेलं नाही. १९८९ च्या गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात आमच्याच बॅचमधल्या एका मुलीबरोबर मी ते म्हटलं होतं. मध्येच माझ्या वाट्याचे शब्द गेले. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. तिनं माझ्याही ओळी म्हणून गाणं पुरं केलं. त्यानंतर मी स्टेजवर कधी गायलो नाही, आणि ते गाणं रेडिओवर लागलं तर स्टेशन बदलतो. ती मुलगीही पानशेतला येणार आहे. हे गाणं यादीत घ्यावं का? घेतलं तर सगळे लगेच ओळखतील. नाही घेतलं तर खोटं वाटतं.

— पेठेतून कोथरूडला गेलेला एक वाचक

नमस्कार.

तुमची शीट उघडली, आधी हसले आणि मग छापूनच घेतली. ४३ ओळी, सहा रकाने. कर्जाच्या अर्जाची छाननी करावी तशी तुम्ही गाण्यांची केली आहे. जामीनदार तेवढा मागायचा राहिलाय.

छापलेल्या कागदावर पेन्सिल घेऊन बसले तेव्हा एक गंमत दिसली. शेऱ्याच्या रकान्यात 'अजरामर' अकरा वेळा आहे, 'अवीट' सात वेळा आणि 'काय बोलावं!' चार वेळा. हे शेरे तुमचे नाहीत, कोजागिरीच्या कार्यक्रमातल्या निवेदकाचे आहेत. ज्यांना 'अजरामर' मिळालंय त्यांना गुणही साडेनऊच्या वर आहेत. पण ओळ १९ बघा. 'कानडा राजा पंढरीचा', गुण आठ, शेरा: 'आई. स्टोव्ह.' ओळ ३१, 'अशी ही बनवाबनवी'मधलं 'हृदयी वसंत फुलताना', गुण चार, शेरा: 'एसटी. महाबळेश्वर. शेवटचं सीट.' आणि ओळ ३८. तिथे तर गाण्याचं नावसुद्धा नाही, नुसतं 'आशिकी'. गुण तीन. शेरा: 'सगळ्या रिक्षांत.'

मला सांगा, दहापैकी चार गुण मिळालेला अर्ज तुमच्या बँकेत अंतिम यादीपर्यंत येतो का? मग हे गाणं ४३ मध्ये कसं आलं? तुम्हीच ते टाइप केलंत, चार गुण दिलेत आणि तरी ओळ खोडली नाहीत. या तीन ओळींवर मी पेन्सिलीनं गोल केलाय. बाकीच्या चाळीस तुम्ही माझ्याइतक्याच त्रयस्थपणे लिहिल्या आहेत.

आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं ते आठवत असेल. गाणं सुरू व्हायच्या आधी फर्माईश करणाऱ्यांची नावं यायची, गाव, घरातली सगळी मंडळी, कधीकधी गाण्याहून नावांचीच यादी लांब. माझी आई म्हणायची, यांना गाणं ऐकायचं नसतं, आपलं नाव ऐकायचं असतं. तेव्हा मला तो आगाऊपणा वाटायचा, आता त्यात काही चूक दिसत नाही. पण त्या कार्यक्रमाच्या नावातले ते दोन शब्द एकमेकांना चिकटून आपल्या डोक्यात बसले, आणि जे आवडतं तेच आपलं असा आपला समज झाला. तसं नसतं. आवडतं गाणं म्हणजे जे लागल्यावर आपण "वा!" म्हणतो ते. आपलं गाणं लागलं की "वा" वगैरे काही सुचत नाही, हातातलं काम थांबतं, किंवा उलट हात जास्त जोरात चालायला लागतो. त्याला गुण देता येत नाहीत. दिलेच तर चार पडतात.

तेव्हा पहिलं काम: गुणांचा रकाना निवडा आणि डिलीट दाबा. तोच रकाना तुम्हाला अडवतोय.

दुसरी गोष्ट सालाच्या रकान्यात सापडली. तुमचा जन्म १९७१ चा धरते. ४३ पैकी ४० गाणी १९७५ च्या आतली आहेत, बरीचशी तर तुमच्या जन्माआधीची. अहो, तुम्ही पंधरा ते पंचवीस वर्षांचे होतात तेव्हा कानात बोळे घालून हिंडत होतात का? १९८८ ला 'कयामत से कयामत तक', पुढच्या वर्षी 'मैंने प्यार किया', १९९० ला 'आशिकी', मग 'रोजा'. पुण्यातली एक टपरी, एक सलून, एक रिक्षा यातून सुटली नव्हती. मी तेव्हा तिशीच्या आसपास होते आणि नाक मुरडत होते. तुम्ही अठरा-वीस वर्षांचे होतात, तुम्ही नाक मुरडत नव्हतात. ते तुम्ही पुढे, कोथरूडला आल्यावर शिकलात.

यावर अभ्यासही झालेला आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाजलेली गाणी ऐकवून पसंती विचारली. लोकांची सगळ्यात जास्त पसंती पडली ती त्यांच्या वयाच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजत असलेल्या गाण्यांना. आठवणींवर काम करणाऱ्यांचं म्हणणंही याच्या जवळ जातं. दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे पुढे प्रमाणाबाहेर जास्त शिल्लक राहतात. कारण समजायला अवघड नाही. पहिली नोकरी, पहिलं भांडण, घराबाहेरची पहिली रात्र, सगळं त्याच काळात घडतं, आणि एकच गाणं महिनोन् महिने कानावर आपटत असतं. गाणं चांगलं आहे की वाईट, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. माझ्या वयाच्या बायका 'आमच्या वेळची गाणी' म्हणतात ना, त्यातला 'आमच्या वेळची' हा भाग शास्त्रशुद्ध आहे, 'तशी आता होत नाहीत' हा नाही.

तुमच्या जन्माआधीची गाणी खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ओळ १९ बघा ना. 'कानडा राजा' १९७० च्या 'झाला महार पंढरीनाथ'मधलं, गदिमांचं. वसंतराव देशपांडे आणि सुधीर फडके दोघांनी म्हटलेलं. तुम्ही ते वसंतरावांसाठी ठेवलेलं नाही. तुमचा शेरा वाचल्यावर मला रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला. तो भर्रर्र चालू असला की स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही, आणि त्याच्यावर गायचं तर आवाज चढवावा लागतो. तुमच्या आईनं ते गाणं मूळच्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हटलेलं असणार, आणि स्टोव्ह बंद केल्यावर उरलेली ओळ एकदम मोठ्यानं घरभर आली असणार. हो की नाही? हे गाणं यादीत पहिलं. त्यावर चर्चा नको.

आता शास्त्रीयाचं. इथे मी तुम्हाला फार बोलू शकत नाही, कारण हे पाप मीही केलंय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं कार्यक्रमात बोलावलं होतं, 'माझी पाच गाणी' अशा स्वरूपाचं. समोर शंभरेक माणसं, सगळी जाणकार दिसणारी. मी घरून ठरवून गेले होते की पहिलं नाव एका दुर्मीळ ध्वनिमुद्रणाचं घ्यायचं, एक अनवट राग. घेतलं. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मग मुलाखतकारानं सहज विचारलं, "बंदिश कुठली हो त्यातली?" मी ते ध्वनिमुद्रण आयुष्यात दोनदा ऐकलं होतं, त्यातलं एकदा गाडीत. बंदिश सोडा, ताल आठवेना. मी पाणी प्यायले. मग आणखी प्यायले. घरी जाताना रिक्षात मी काय गुणगुणत होते ते तेव्हाच्या मनःस्थितीतही माझ्या लक्षात आलं: एका साबणाची जाहिरात.

तर सवाईचं असं बघा. १९५३ पासून चालू असलेला महोत्सव आहे, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. तुम्ही रमणबागेतही गेला असाल आणि आता मुकुंदनगरलाही जाता. २२ वर्षांत तुमच्या अंगात काय मुरलंय? प्रामाणिकपणे सांगा, भारतीय बैठकीत आखडलेला गुडघा, थंडी, शेजारच्यांच्या डब्यातला वास, आणि मध्यंतरातली कॉफीची रांग. मुरलेलं गाणं त्यात कुठेतरी आहे, पण तुम्ही शीटमध्ये जे चार ख्याल लिहिलेत ते नाही. त्यातला एक बावन्न मिनिटांचा आहे. पानशेतला, मटण शिजत असताना, बावन्न मिनिटं! तुमच्या बॅचमध्ये तुम्ही लोकप्रिय आहात असं समजून चालते, पण इतके?

एक सुचवते. महोत्सवाची सांगता होते ती खुद्द सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणानं, 'बिन देखे पडे नाही चैन', भैरवी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. मोठमोठ्या गवयांनी तेवढ्यात गाणं बसवलं. तुम्ही २२ वर्षांत शेवटपर्यंत थांबून, सतरंजी गुंडाळायची सोडून ते ऐकलं असेल, तर ते घ्या. तीन मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्या ग्रुपमध्ये सवाईला येणारं दुसरं कुणी असेल तर ते मान वर करून बघेल. शेवटपर्यंत थांबलाच नसाल, पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून उठत असाल, तर शास्त्रीय अजिबात घेऊ नका. त्यानं तुमचं सवाईला जाणं रद्द होत नाही.

गीतरामायणाचीही पाच गाणी तुमच्या शीटमध्ये आहेत, पाचही 'अजरामर'. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी, पुढे वर्षभर, एकूण ५६ गीतं: हे सगळं पुण्यात पाळण्यातल्या पोरालाही सांगितलं जातं, आणि म्हणून प्रत्येक यादीत ते हजेरी लावून जातं. छप्पन्नातलं एखादं तुमच्या बाबतीत कुठे घडलंय का? नसेल तर पाचही काढा. राम रागावणार नाही.

अभंगांचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुम्ही एका वाक्यात विचारून गेलात की 'मी फारसा देवभक्त नाही, तर अभंग माझे कसे?'

माझी आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना 'आधी बीज एकले' म्हणायची. तुकोबांचा अभंग म्हणून म्हणायची, शेवटी हात जोडायची. मी कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं की हा तुकोबांचा अभंगच नाही. १९३६ च्या 'संत तुकाराम' या प्रभातच्या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी ते गीत लिहिलं, केशवराव भोळ्यांनी चाल दिली. म्हणजे लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथल्या कंपनीचं गाणं. ते इतकं बेमालूम उतरलं की भल्याभल्यांनी गाथेत शोधलं. मी विजयी मुद्रेनं आजीला हे सांगितलं. तिनं तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. मग तुकोबांनी ऐकलं नसेल, मी म्हणून दाखवते त्यांना." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच चालीत, हात जोडून.

अभंग कुणाचा याचा निकाल त्या दिवशी तुळशीपाशी लागला. तुम्ही भक्त आहात की नाही, हा प्रश्नच इथे येत नाही. 'माझे माहेर पंढरी' तुमच्या यादीत आहे. घरी कुणी म्हणायचं का? नोकरी लागल्यावर पहाटेच्या बसमध्ये ड्रायव्हर लावायचा का? असं काही असेल तर ते तुमचं. एकनाथांचे शब्द, राम फाटकांची चाल आणि भीमसेनांचा आवाज, या तिघांवर तुम्ही फिदा आहात एवढंच असेल, तर ते आवडतं. आवडत्या गाण्यांसाठी वेगळी यादी करा, ती हवी तेवढी लांब असू दे.

मुलीनं ॲपचा उपाय सुचवला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण ॲपला काय कळतं? स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. कुणी ऐकलं, का ऐकलं, ऐकताना जागं होतं का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या खात्यात पाऊस पडतोय तो तुमच्या बायकोचा. (तरी एक विचार मनात येतोच: पंचवीसेक वर्षांच्या संसारात रोज रात्री शेजारी वाजणारा आवाज तुमचा नाही तर कुणाचा? दहावं गाणं सुचलं नाही तर पाऊसच लावा. घरी सुखानं झोपाल.)

बायकोचं म्हणणं तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला ती या सगळ्यातली एकमेव साक्षीदार वाटते. आपण काय गुणगुणतो हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. तेव्हा असं करा: फ्रिजवर एक कोरा कागद लावा, पेन दोऱ्यानं बांधा. आठ दिवस. काहीही लावलेलं नसताना तुमच्या तोंडून जे बाहेर पडेल ते तिनं लिहायचं, तुम्ही वाचायचं नाही. दाढी करताना, लिफ्टची वाट बघताना, नळस्टॉपच्या सिग्नलला. शब्द चुकीचे असतील तर चुकीचेच लिहायचे. आठव्या दिवशी कागद उतरवा. त्यात जाहिरात निघेल, भोंडल्याचं गाणं निघेल, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमधलं काहीतरी निघेल. आणि माझी खात्री आहे, 'हृदयी वसंत' निघेल.

तरीही दहाच्या वर गाणी उरली तर माझ्या तरुणपणातली एक युक्ती. १९८३ च्या सुमाराला लक्ष्मी रोडच्या एका बोळात कॅसेट भरून देणारं दुकान होतं. आपण साठ मिनिटांची कोरी कॅसेट न्यायची, सोबत कागदावर यादी, आठवड्यानं भरून मिळायची. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सात किंवा फार तर आठ गाणी. मी पहिल्यांदा गेले ती वीस गाणी लिहून. दुकानदारानं कागद बघितला, मान हलवली, आणि पेन्सिल माझ्याकडे न देता स्वतःच विचारायला लागला, "हे काढू का हे?" गिऱ्हाईकं मागे उभी. विचार करायला वेळ नाही. "हे काढू का हे?" आणि माझ्या तोंडून दर वेळी उत्तर तडक बाहेर पडत होतं, मलाच आश्चर्य वाटावं असं. जी गाणी मी घरी बसून वळणदार अक्षरात सगळ्यात वर लिहिली होती ती पटापट गेली.

बायकोला तो दुकानदार करा. तिनं दोन-दोन नावं वाचायची, तुम्ही श्वास घ्यायच्या आत सांगायचं. "एक मिनिट" म्हणालात तर दोन्ही बाद.

त्या कॅसेटची एक गोष्ट सांगायची राहिली. ए बाजूला शेवटचं 'तोच चंद्रमा नभात' होतं, आणि दुकानदाराचा हिशोब थोडा चुकला होता. दुसऱ्या अंतऱ्यात, अर्ध्या ओळीवर टेप संपायची, खट् करून बटण वर यायचं. सहा-सात वर्षं मी ते गाणं तेवढंच ऐकलं. आजही ते कुठे पूर्ण लागलं तरी त्या जागी मला खट् ऐकू येतं आणि पुढचा भाग दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. माझ्या दहा गाण्यांत ते आहे. पूर्ण नाही, तेवढंच.

आणि आता शुक्रतारा.

लंडनच्या बीबीसीवर १९४२ पासून एक कार्यक्रम चालू आहे. पाहुण्यानं असं समजायचं की तो एका निर्जन बेटावर अडकलाय आणि बरोबर फक्त आठ तबकड्या नेता येतील. रॉय प्लॉमली नावाच्या निवेदकाची ही कल्पना. बेटावर कुणी ऐकायला नाही, कुणाला दाखवायचं नाही, म्हणजे माणसं खरं बोलतील असं वाटतं ना? १९५८ मध्ये एलिझाबेथ श्वार्झकॉफ ही जगप्रसिद्ध गायिका आली आणि तिनं आठापैकी सात तबकड्या स्वतःच्याच गाण्याच्या निवडल्या. लोक अजून हसतात. मला तिच्याबद्दल थोडा आदरच वाटतो. निदान तिला स्वतःचं गाणं ऐकवत तरी होतं.

तुम्ही ३६ वर्षं एक गाणं लागलं की हात पुढे करून स्टेशन बदलताय. शीटमधल्या ४३ गाण्यांपैकी कुठल्या गाण्यासाठी तुम्ही जागेवरून उठता? 'अजरामर' लागलं तर उठता? एकही नाही. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजातलं ते संथ, मऊ गाणं, पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल. महाराष्ट्रातली निम्मी लग्नं त्यावर जमली असतील, आणि तुम्हाला ते ऐकताना मांडवातल्या शिट्ट्या ऐकू येतात. ते तुमचं आहे. तुम्हाला आवडो न आवडो.

पत्रात तुम्ही त्या मुलीबद्दल अडीच वाक्यं लिहिली आहेत आणि मला त्यात एक गोष्ट खटकली. तुम्ही तिला कधी "त्या दिवशी वाचवलंस" असं म्हणालात का? पत्रावरून वाटत नाही. बहुधा तुम्ही त्या रात्री स्टेजच्या मागच्या बाजूनं निघून गेलात आणि विषय संपवलात. तिच्या बाजूनं बघा: अठरा वर्षांची पोर, समोर अख्खी पेठ, जोडीदार गप्प, मागून शिट्ट्या, वादक तिच्याकडे बघतायत. ती पुरुषाच्या ओळी पुरुषाच्या पट्टीत म्हणून गाणं पलीकडे घेऊन गेली. तुमच्या आठवणीत ती तुमची फजिती आहे. तिच्या यादीत हे गाणं असलं तर ते अगदी वेगळ्या कारणासाठी असेल, आणि मला विचाराल तर असण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणून घ्या. सगळे ओळखतील, तर ओळखू देत; ओळखायचाच तर खेळ आहे. 'गंमत म्हणून टाकलंय' असं मात्र कुणाला म्हणू नका, आणि आधी प्रस्तावना नको. दहाव्या नंबरवर तर मुळीच ठेवू नका. शेवटी ठेवलं की सगळे तुमच्याकडे बघणार, कुणीतरी "दोन शब्द" म्हणणार आणि तुम्ही खरंच दोन शब्द बोलायला उभे राहणार. चौथा नंबर ठीक आहे. तिसऱ्यावर 'हृदयी वसंत', म्हणजे शेवटच्या सीटवरचे सगळे आधीच ओरडत असतील, आणि त्या गोंगाटातच हे सुरू होईल.

ती उठून गायला लागली तर तुम्हालाही उठावं लागेल, एवढं गृहीत धरा. गाणी फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि तुमच्या वाट्याचं कडवं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा. पानशेतला रेंजचा भरवसा नाही.